सातबाऱ्यावर नसलेला वारा

सातबाऱ्याच्या उताऱ्यात जमिनीबद्दल बरंच काही असतं. भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार, पोटखराबा, कुळाची नोंद, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा, कुणाचा विहिरीतला हिस्सा, कुणाची आंब्याची चार कलमं. वाऱ्याला रकाना नाही. मालवणात दिवाणी वकिली करणाऱ्या एका वकीलबाईंच्या टेबलावर चतुर्थीच्या सुट्टीत जो कागद येऊन पडला, तो मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाऱ्याबद्दल होता.

कागद चार पानी, पाचशेच्या मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्यासाठी खाली जागा मोकळी. घेऊन आलेले काका मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतलेले. घराण्याची जमीन सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर. पावसाळ्यात तिच्यावर गुरं चरतात, बाकीचे महिने कातळ नुसता तापत पडलेला असतो. एजंटाने सांगितलं होतं, कंपनीला वारा मोजायचा मनोरा उभारायचा आहे, फक्त सर्व्हेपुरती संमती द्या. काकांनी खुर्चीत टेकता टेकता विचारलं, "बाई, जमीन आमची, तर वारो कोणाचो?"

वकीलबाईंना हसू आलं, पण त्यांनी उत्तर द्यायची घाई केली नाही. भारतात वाऱ्याची मालकी ठरवणारा कायदाच नाही. जमीन कोणाची हे ठरवायला महसूल संहिता आहे, हस्तांतरण कसं करायचं हे सांगायला 1882चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, तयार झालेली वीज कशी विकायची यासाठी 2003चा विद्युत कायदा आहे. मधला वारा कोणत्याही कायद्यात बसत नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे 1882चाच सुखाधिकार कायदा. त्याच्या कलम 15 प्रमाणे एखाद्या इमारतीला 20 वर्षं बिनहरकत उजेड आणि हवा मिळत आली असेल, तर शेजाऱ्याला ती अडवता येत नाही. पण लगेच कलम 17 सांगतं की मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेडाचा किंवा हवेचा हक्क असा वहिवाटीने मिळत नाही. सड्यावरची जमीन मोकळीच. म्हणजे काकांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या त्या सड्यावर वारा खाल्ला असला, तरी शेजाऱ्याने उद्या वाऱ्याच्या वाटेत सहा मजली हॉटेल बांधलं तर वाऱ्याच्या नावाने दावा लावता येणार नाही.

हा प्रश्न इंग्लंडमध्ये पवनचक्कीवरूनच कोर्टात गेला होता. वेब विरुद्ध बर्ड हा 1861चा खटला. धान्य दळायची पवनचक्की 1829 साली बांधलेली. पुढे शेजारी, 25 यार्डांच्या आत, शाळेची इमारत उभी राहिली आणि चक्कीचा वारा अडला. चक्कीवाल्याने 20 वर्षांची वहिवाट पुढे केली. कोर्टाने ती मान्य केली नाही. कुठून कसा वाहील हे सांगता न येणाऱ्या वाऱ्यासाठी आजूबाजूच्या सगळ्या जमिनी बांधून ठेवता येणार नाहीत, असा त्या निकालाचा रोख. वरच्या कोर्टातही तो टिकला. आपला सुखाधिकार कायदा त्यानंतर वीसेक वर्षांनी झाला, आणि कलम 17ची भाषा वाचताना त्या इंग्रजी विचाराची सावली दिसते.

अमेरिकेत राज्यागणिक वेगळा न्याय. कॅलिफोर्नियात 1997 साली एका पाणीपुरवठा संस्थेने जमीन संपादन केली, तेव्हा अपील कोर्टाने वाऱ्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढता येतो आणि त्याला स्वतंत्र किंमत आहे असं धरलं. साउथ डकोटाने 1996 मध्येच नेमका उलटा कायदा करून ठेवला होता: वाऱ्याचा हक्क जमिनीपासून तोडायचा नाही. तोडला की काय होतं हे त्यांनी खनिजाच्या हक्कात पाहिलेलं होतं. जमीन एकाची, खालचं तेल दुसऱ्याचं, आणि शेतकऱ्याच्या हाती फक्त ट्रक मोजणं.

आपल्याकडे कायदा गप्प आहे, त्यामुळे सगळं करारावर येतं. काकांच्या त्या चार पानांत सहाव्या कलमात 'सदर मिळकतीवरील व तिच्या वरील अवकाशातील वाऱ्याचा अनिर्बंध वापर' लिहून घेतला होता. नवव्या कलमात जमीनमालकाने आपल्या उरलेल्या जमिनीतही वाऱ्याला अडथळा होईल असं बांधकाम किंवा लागवड करायची नाही, असं होतं. कायदा जो हक्क देत नाही तो इथे बंधन म्हणून विकत घेतला होता, आणि फुकट. अकराव्या कलमात सर्व्हेनंतर कंपनीला योग्य वाटल्यास 'उभय पक्षी ठरेल त्या दराने' जमीन भाड्याने किंवा खरेदीने घेण्याचा पहिला हक्क. मुदत लिहिलीच नव्हती. शेवटी कुलमुखत्यारपत्राचा परिच्छेद. सर्व्हेच्या नावाखाली एवढा संसार मांडलेला.

वकीलबाईंना हा मसुदा कोणत्या घराण्यातला आहे ते लगेच कळलं, कारण त्यांच्या वकिलीची सुरुवात मालवणात झालेली नाही. उमेदवारीच्या काळात त्या घाटावर, साताऱ्यात, एका ज्येष्ठ वकिलांकडे होत्या, आणि तिथे पवनचक्क्यांच्या जमिनींचे टायटल तपासण्याचं काम ढिगाने यायचं. देशातली समुद्रकाठची पहिली पवन विद्युत केंद्रं 1986 मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिनला उभी राहिली, 55 किलोवॅटच्या छोट्या यंत्रांची. कोकण त्यात पहिल्या रांगेत होतं. पण पैसा वर गेला. चाळकेवाडी, ठोसेघर, पाटण तालुक्यातलं वनकुसवडे: सह्याद्रीच्या माथ्यावरची ही पठारं मोसमी वाऱ्याच्या थेट तोंडावर आहेत. त्या काळी पवनचक्कीवर प्राप्तिकरात पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा मिळायचा. बजाज ऑटोसारख्या वाहनं बनवणाऱ्या कंपनीने वनकुसवड्याला पवनचक्क्या घेतल्या त्या काही हौसेने नव्हेत. पुढे राज्य वीज नियामक आयोगाच्या नोव्हेंबर 2003च्या आदेशाने नव्या प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये, दर वर्षी 15 पैशांची वाढ आणि 13 वर्षांची हमी दिली. गुंतवणूकदाराला आयोगाने हमी दिली. जमीनवाल्याला कोणी दिली नाही.

त्या पठारांवर वकीलबाईंना भेटलेले बहुतेक शेतकरी भाडेकरार केलेले नव्हते, जमीन विकून मोकळे झालेले होते. एकदाच पैसे मिळाले, मुलीचं लग्न झालं, कौलं बदलून पत्रा आला. मग पंखा फिरायला लागला आणि दर वर्षी फिरतोच आहे. त्याचा राग कुठे तरी निघायचाच. 2003च्या आगेमागे पाऊस रुसला, तेव्हा पवनचक्क्या ढग पळवून लावतात असं सातारा-सांगलीकडे लोक छातीठोकपणे सांगत. शास्त्राला ते मान्य नव्हतं, पण पठारावर उभं राहून ऐकताना त्या तक्रारीत पावसापेक्षा व्यवहाराची सल जास्त ऐकू यायची.

शेतकऱ्यांनी विकली का, भाड्याने का दिली नाही, हा प्रश्न शहरातले लोक विचारतात. अक्कल नव्हती, असं उत्तर त्यांनी आधीच मनात ठरवलेलं असतं. खरं कारण बरंचसं कायद्यात आहे. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कलमात भाडेपट्टाही येतो, हे कमी लोकांना माहीत असतं. कंपनी शेतकरी नाही. मग औद्योगिक वापरासाठी कलम 63-1अ आणलं गेलं आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय जमीन घेण्याची वाट मोकळी झाली, पण ती वाट विक्रीची. म्हणजे जमीन विकणं सोपं, आणि मालकी राखून भाडं खाणं किचकट: आधी परवानगी आणा नाही तर जमीन अकृषिक करा. शेतकऱ्याला जपण्यासाठी केलेला कायदा इथे शेतकऱ्याला मालकीतून बाहेर ढकलतो, असं वकीलबाईंचं स्पष्ट मत आहे आणि ते खोडून काढणं कठीण आहे. 63-1अ मध्येच आणखी एक गोष्ट आहे, जी विकणाऱ्याला कुणी सांगत नाही. घेतलेली जमीन ठरावीक मुदतीत औद्योगिक वापरात आणली नाही, तर मूळ विक्रेत्याला ती मूळ किमतीत परत घ्यायचा हक्क आहे. प्रकल्प न आलेल्या पठारांवर असा हक्क कुणी बजावलेला त्यांच्या पाहण्यात नाही.

मालवणला परतल्यावर त्यांना कळलं की घाटावरचं टायटल म्हणजे सरळ वाचता येणारी गोष्ट होती. कोकणात एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं सहज असतात. निम्मे चाकरमानी, काही मयत, काहींचे वारस बडोद्यापर्यंत पांगलेले. आणेवारीने हिस्सा कळतो, पण कातळाचा कोणता तुकडा कोणाचा हे सांगायला पोटहिस्सा मोजलेला नसतो. सामाईक जमिनीतल्या एकट्या हिस्सेदाराने सही केली, तर घेणाऱ्याला फक्त त्याचा अविभाज्य हिस्सा आणि वाटप मागायचा हक्क मिळतो. एजंटाला हे बरोबर ठाऊक असतं. म्हणून तो गणपतीत आणि शिमग्यात येतो, जेव्हा सगळं घराणं एका माटवीखाली बसलेलं असतं. आरती झाली की कागद बाहेर.

नावांच्या मागे आणखी थर असतात. 1 एप्रिल 1957ला कसणारा कूळ मालक ठरला, त्याचं कूळकायद्याच्या कलम 32मचं खरेदी प्रमाणपत्र झालं की नाही हे बघावं लागतं. अशी जमीन विकायला पूर्वी परवानगी लागायची. 2014च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या 40 पट नजराणा भरून काम होतं. 40 पट ऐकून काकांचे डोळे विस्फारले. आकार किती, तर काही रुपये. ते पुन्हा सावरून बसले. मग वनसंज्ञेची भानगड: सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996च्या गोदावर्मन आदेशानंतर जंगलाची व्याख्या रुंदावली आणि सिंधुदुर्गात खासगी मालकीच्या कित्येक जमिनींवर हा शिक्का बसला. आणि वारा जिथे खरोखर बेफाम आहे त्या आंबोली, चौकुळ, गेळे या घाटमाथ्यावरच्या गावांत कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनी. पिढ्यान्‌पिढ्या कसल्या गावाने, सातबाऱ्यावर लागलं 'महाराष्ट्र शासन'. तिथे एजंट फिरकत नाही. सही कोणाची घ्यायची हेच त्याला कळत नाही.

टेबलावर पाटी-पेन्सिल असल्यासारखा वकीलबाईंनी एक कोरा कागद ओढला आणि काकांना एक चौकोन काढून दाखवला. एक एकर म्हणजे 40 गुंठे. चौरस धरला तर बाजू साधारण 64 मीटर. मधोमध मनोरा उभा केला, तर मनोऱ्यापासून हद्द 32 मीटरवर. आताच्या यंत्राचं एक पातं 60 मीटरच्या पुढे असतं. म्हणजे पातं फिरताना निम्म्याच्या आसपास दुसऱ्याच्या जमिनीवरून जाणार. कंपनी एक एकर विकत घेते, वर्तुळ मात्र तीनेक एकरांचं फिरवते. त्या हद्दीबाहेरच्या फिरण्यासाठी शेजाऱ्याची संमती लागते. ती 'ना हरकत' या दोन शब्दांत, एका कागदावर, चहाच्या पैशांत घेतली जाते.

"म्हणजे शेजाऱ्याकडसून पण सही होयी?" काकांनी विचारलं. हो. आणि शेजारी त्यांचा चुलतभाऊ, ज्याच्याशी गडग्यावरून गेली काही वर्षं बोलणं नव्हतं.

याहून लांबचा परिणाम कोणी कागदावर आणतच नाही. एका यंत्रामागचा वारा घुसळला जातो, म्हणून दोन यंत्रांमध्ये पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या पाचपट आणि वाऱ्याच्या दिशेने सातपट अंतर ठेवायचं सूत्र आहे. व्यास 120 मीटर धरला तर 600 आणि 840 मीटर. म्हणजे काकांच्या कातळावर एक यंत्र आलं की पलीकडच्या वाडीच्या कातळावर ते येणार नाही. त्यांचा वारा गेला, मोबदला शून्य. केंद्राच्या ऑक्टोबर 2016च्या मार्गदर्शक सूचनांत वस्तीपासून 500 मीटर अंतर सांगितलं आहे. रस्ते, इमारती यांच्यापासून मनोऱ्याची उंची अधिक अर्धा व्यास अधिक पाच मीटर. 120 मीटरच्या मनोऱ्याला हे 185 मीटर होतं. सुरक्षेचा विचार झाला, आवाजाचा झाला. शेजाऱ्याच्या हातून गेलेल्या संधीचा विचार कोणत्याच कागदात नाही. काही देशांत एका परिसरातल्या सगळ्या जमीनमालकांना यंत्र कोणाच्याही हद्दीत असो, भाड्यातला वाटा देण्याचे करार होतात. आपल्या गावकीला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. देवळाच्या उत्पन्नाचे मान आणि वाटे आपण शतकानुशतकं लावत आलो आहोत.

रस्त्याचं प्रकरण वेगळं. 60 मीटरचं पातं घेऊन येणारा ट्रेलर मालवणच्या पाणंदीतून वळत नाही. मग चिऱ्यांचे गडगे उतरवायचे, वळणावरची झाडं तोडायची, साकव भरायचा. वहिवाटीचा रस्ता बैलगाडीपुरता दिलेला असतो. त्याच रस्त्यावरून क्रेन न्यायची तर नवा हक्क लिहून द्यावा लागतो. आणि सड्यावर राखणदाराचं, म्हणजे जागेच्या रक्षक देवाचं, ठिकाण असतं. घाटावरून आलेल्या सर्व्हेअरला तो शेंदूर नसलेला एक काळा दगड दिसतो. वकीलबाई आता प्रत्येक मसुद्यात त्या दगडाभोवतीचे गुंठे नकाशासकट वगळायला लावतात. कायद्याने लागतं म्हणून नव्हे. ते वगळले नाहीत तर काम पुढे सरकत नाही, हा अनुभव.

मनोऱ्याची जागा देणाऱ्याला निदान विचारतात तरी. तारा ज्याच्या जमिनीवरून जातात त्याला विचारावंच लागतं असं नाही. विद्युत कायद्याचं कलम 164 वापरून शासन वीजवाहिनी टाकणाऱ्याला 1885च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. मग मालकाने अडवलं तर जिल्हाधिकारी आदेश देतो, आणि मोबदला कमी वाटला तर जिल्हा न्यायालयात जायचं. या मोबदल्याचे दर सुधारत आले आहेत: केंद्राच्या 2015च्या सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त 15 टक्के होते, जून 2024मध्ये ते 200 आणि 30 टक्के झाले. ऐकायला छान. अडचण दोन ठिकाणी आहे. 2015ची रचना 66 केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी होती. पवनचक्कीपासून उपकेंद्रापर्यंतच्या तारा बहुतेक 33 केव्हीच्या, म्हणजे पुन्हा घासाघीस. आणि किंमत बहुधा धरली जाते ती रेडीरेकनरची. कातळ म्हणजे पोटखराबा. ज्या जमिनीवर वारा सगळ्यात चांगला, तिचाच सरकारी दर सगळ्यात कमी. दोनशे टक्के कशाचे, हे आधी विचारावं.

भाडेकरार झालाच, तर त्याची मुदत बहुधा 29 वर्षांच्या आसपास निघते. यामागे यंत्राचं आयुष्य जेवढं आहे तेवढाच मुद्रांक शुल्काचा तक्ता आहे. राज्याच्या मुद्रांक कायद्यात 29 वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला बाजारमूल्याच्या जास्तीत जास्त निम्म्यावर शुल्क, नूतनीकरणाची मुदत धरून तो त्यापुढे गेला तर 90 टक्क्यांवर. म्हणून नूतनीकरणाची अट मूळ दस्तात येत नाही, ती बाजूच्या एका बिननोंदणीच्या पत्रात येते. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 107 आणि 1908चा नोंदणी कायदा स्पष्ट सांगतात. नोटरीचा गोल शिक्का त्याची जागा घेत नाही, कितीही लाल असला तरी. कुलमुखत्यारपत्राने जमीन विकली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात 2011 साली सांगून झालं. तरी हे कागद गावोगाव फिरतातच, कारण ते कोर्टात टिकण्यासाठी केलेले नसतात. दुसऱ्या एजंटाला अडवण्यासाठी आणि मालकाला दाबून ठेवण्यासाठी केलेले असतात.

काकांच्या मसुद्यात पुढे कधी भाडं ठरलं तर ते थांबवण्याची कारणंही होती: वादळ, अतिवृष्टी, शासकीय आदेश, आणि 'वाऱ्याचा अभाव'. मालवणात वाऱ्यावर दोष ढकलण्याचा प्रकार नवा नाही. ऑगस्ट 2024मध्ये इथल्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला, तेव्हा सुरुवातीला ताशी 45 किलोमीटरच्या वाऱ्याचंच नाव घेतलं गेलं. मे 2021मध्ये तौक्ते वादळाने याच किनाऱ्यावर होड्या आणि कलमं आडवी केली. वादळाने यंत्र मोडलं तर भाडं काही काळ थांबवा, हे समजण्यासारखं आहे. वारा पडला म्हणून भाडं नाही, हे समजण्यासारखं नाही. राज्यातली पवनवीज मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत तयार होते, आणि उरलेले महिने यंत्र मंदावतं हे कंपनीच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं.

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे शेवटी काय. यंत्राखाली शेकडो घनमीटर काँक्रीट आणि सळई पुरलेली असते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 भाडेकरूला त्याने उभारलेलं सगळं काढून न्यायला परवानगी देतं, जमीन मिळाली तशी परत करण्याच्या अटीवर. मनोरा भंगारात विकला जातो म्हणून तो काढून नेतात. पाया कोणी विकत घेत नाही. आणि तोवर यंत्राचा मालक तिसराच झालेला असतो: जमीन विकासकाच्या नावावर, यंत्र मुंबई-पुण्याच्या गुंतवणूकदाराचं, देखभाल वेगळ्या कंपनीची, बँकेचा बोजा सगळ्यांवर. 13 वर्षांची दरहमी संपलेल्या जुन्या यंत्रांच्या बाबतीत हा प्रश्न साताऱ्यात आता पुस्तकी राहिलेला नाही. टेक्सासने 2019मध्ये कायदाच केला: पवनचक्कीच्या प्रत्येक भाडेकरारात यंत्र काढून नेण्याची, पाया जमिनीखाली निदान तीन फुटांपर्यंत उखडण्याची आणि त्यासाठी आर्थिक हमी ठेवण्याची अट हवी. टेक्सास काही शेतकऱ्यांच्या चळवळीसाठी प्रसिद्ध नाही. तिथेही हे सुचलं.

या धंद्याचं दुसरं टोकही महाराष्ट्राने पाहिलं आहे. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली; सीआयडीच्या आरोपपत्रात तिचा संबंध पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी जोडला आहे. जिथे जमिनीचे व्यवहार उघड, नोंदणीकृत आणि ठरलेल्या दराने होत नाहीत, तिथे मधल्या माणसांची चलती होते, आणि ती माणसं फक्त जमीनवाल्यालाच त्रास देतात असं नाही.

सिंधुदुर्गातला माणूस या बाबतीत मुळात सावध आहे. देवगड तालुक्यातल्या गिर्येचंच घ्या. तिथे मेडाच्या, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास अभिकरणाच्या, पवनचक्क्या आल्या. मग कोळशावरचा चार हजार मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प येणार म्हणून गाजावाजा झाला आणि हापूसच्या बागायतदारांनी तो अडवला. मग 2017मध्ये रिफायनरीच्या अधिसूचनेत गिर्ये आणि रामेश्वरची नावं आली, 2019मध्ये ती अधिसूचना रद्द झाली. या सगळ्यांत पवनचक्की गावाला सगळ्यात कमी जड गेली, हेही तितकंच खरं. वकीलबाई पवनचक्कीच्या विरोधात नाहीत. कातळावर हॉटेलांचे प्लॉट पडण्यापेक्षा मनोरा परवडला, असं त्या मोकळेपणी म्हणतात.

काकांनी शेवटी कंटाळून विचारलं, "सही करूची काय नको, इतक्याच सांगा."

त्यांनी या कागदावर सही करू नका म्हणून सांगितलं, आणि दुसरा कागद करून दिला. दोन पानी. वारा मोजायच्या मनोऱ्यासाठी एका वर्षाचा परवाना, जागा नकाशावर खुणेसकट, ठरलेली फी आगाऊ, वर्षानंतर मनोरा काढून न्यायचा, वाऱ्याच्या नोंदींची प्रत जमीनमालकांना द्यायची. पुढचा कोणताही हक्क नाही, मुखत्यारपत्र नाही. खाली सह्यांसाठी सातबाऱ्यावरच्या सगळ्या हयात हिस्सेदारांची नावं, आणि मयतांची वारस नोंद आधी तलाठ्याकडे लावून घ्यायची सूचना. एजंटाने तो कागद नेला. काही महिन्यांनी काकांचा फोन आला, एजंट परत आला नव्हता, पण वारस नोंदी झाल्या होत्या आणि चुलतभावाशी बोलणं सुरू झालं होतं.

सरकारने मनात आणलं तर हे सगळं एका वकिलाच्या टेबलावर सुटायची गरज नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीसाठी हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दर वर्षी तीन टक्के वाढ असा दर राज्याने ठरवून दिला आहे. सौर पॅनेलसाठी जे जमलं, ते पवनचक्कीसाठीही जमायला हवं: किमान भाडं, पात्याखालच्या शेजाऱ्याचा वाटा, पाया उखडण्याची अनामत रक्कम, आणि हे सगळं असलेला मराठीतला नमुना भाडेपट्टा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मोफत. तो येईपर्यंत चतुर्थीत आरतीनंतर कोणी कागद पुढे केला, तर वाचकांनी एवढं करावं. कागदाचा फोटो काढावा, सही करू नये, आणि तालुक्याच्या गावी जाऊन तो वकिलाला दाखवावा.